पूर्ववत करणारे आप्पा

शेवगावला बदली झाली तेव्हा मी आप्पांच्या घरी वरच्या मजल्यावर भाड्याने राहिले. पहिल्याच आठवड्यात मी जिन्यातली तुळशीची कुंडी उन्हात सरकवली, कारण सावलीत ती पिवळी पडत चालली होती. संध्याकाळी ऑफिसातून आले तर कुंडी परत जिन्यात. मी पुन्हा सरकवली, ती पुन्हा जागेवर. मग एक दिवस कुंडीला सुतळीने बांधलेला कागद दिसला : "सदर कुंडी मूळ जागेवरून हलविण्यात आल्याचे निदर्शनास आले आहे. आपले काही म्हणणे असल्यास लेखी सादर करावे." मी तणतणत खाली गेले. म्हटलं, "आप्पा, तुळस मरतेय." ते म्हणाले, "तेच लेखी द्या." दिलं बाई. मी कृषी खात्यातली, आणि तुळशीला ऊन लागतं हे मला सहीनिशी लिहून द्यावं लागलं. त्यांनी ते चष्मा लावून वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं, आणि स्वतः कुंडी उचलून उन्हात नेऊन ठेवली. "आता हरकत नाही," म्हणाले. "कारण नमूद झालं."

त्यांचं खरं नाव मी सांगणार नाही. माणूस अजून ठणठणीत आहे, आणि नाव छापलं तर मलाही नोटीस येईल.

आप्पा मोजणीदार म्हणून निवृत्त झालेले. उभी हयात लोकांच्या बांधावर गेली. सुरुवातीला साखळी ओढली, शेवटी शेवटी उपग्रहावर चालणारं यंत्र खांद्यावर वागवलं. अंगाने काटकुळे, पांढरा शर्ट बाहेर सोडलेला, खिशात दोन पेनं आणि एक गुंडाळीची टेप. बायको गेलेली, मुलगी पुण्याला. आम्हा दोघांचा डबा एकाच ठिकाणहून यायचा. आमटी खारट झाली की आप्पा म्हणायचे, "आज मीठ मंजुरीपेक्षा जास्त पडलेलं आहे." घरात बसूनही माणूस कचेरीतच असायचा. फार संतापले किंवा गहिवरले तरच त्यांची गावाकडची बोली बाहेर यायची, आणि ती मी फार थोड्या वेळा ऐकली.

आहे त्यात कुणी काही बदललं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला : "आधी काय होतं?" मी केस कापून आले तेव्हा दोन दिवस गप्प होते. मग जिन्यात थांबवून म्हणाले, "आधीची आवृत्ती बरी होती." मी म्हटलं, "केस काही उलटवता येत नाहीत, आप्पा." त्यावर त्यांनी थोडा विचार केला. "वाढतात," म्हणाले. "कालावधी लागतो इतकंच."

हे 'आवृत्ती' आणि 'उलटवणं' आलं कुठून, ते सांगते. मुलीने बापाचा वेळ जावा म्हणून एक लॅपटॉप आणून दिला होता. इंटरनेटवर कुणीही लिहावं आणि कुणीही खोडावं असा एक ज्ञानकोश आहे, विकी म्हणतात त्याला, तो आप्पांच्या हाती लागला. आपल्या तालुक्याचं पान बघायला गेले, तर तिथे कुणीतरी उसाखाली जितकी जमीन लिहिली होती तितकी तालुक्यात मुळात जमीनच नाही. आप्पांनी पान चाळलं आणि त्यांना 'इतिहास' नावाची कळ सापडली. ती दाबली की त्या पानाच्या आधीच्या सगळ्या आवृत्त्या ओळीने दिसतात, कोणी कधी काय बदललं त्यासकट. आणि शेजारी 'उलटवा'. ते दाबलं की पान पूर्ववत. आप्पा मला नंतर म्हणाले, की नोकरीत असताना अशी एखादी कळ असती तर अर्धे बांध कोर्टात गेलेच नसते.

त्या दिवसापासून त्यांना दुसरं काम उरलं नाही. सकाळी आंघोळ, देवपूजा, आणि मग अलीकडचे बदल. तिथलं नाव घेतलं 'हद्दखूण'. जिल्ह्यातल्या गावांची, नद्यांची, किल्ल्यांची पानं त्यांनी जणू आपल्या नावावर करून घेतली. "खोडायला अक्कल लागत नाही," ते म्हणायचे, "खोडलेलं वाचायला लागते."

बाकीची मंडळी चुकीचा बदल दिसला की एका क्षणात उलटवून मोकळी होत. आप्पा तसं करत नसत. जमीन मोजायची तर आधी लगतच्या खातेदारांना नोटीस द्यावी लागते. नोटीस न देता मोजली तर ती मोजणी कचऱ्यात. तोच कायदा त्यांनी विकीला लावला. ज्याने बदल केला त्याच्या चर्चा पानावर जाऊन लिहायचे : "आपण केलेला बदल पूर्ववत करण्याचे योजिले आहे. हरकत असल्यास कळवावे." मग वाट बघायची. एका पुढाऱ्याच्या पानावर कुणीतरी सणसणीत शिवी लिहिली, तर आप्पांनी त्यालाही नोटीस दिली, आणि मुदत संपेपर्यंत ती शिवी पानावर नांदली. तिथल्या एका प्रचालकाने, म्हणजे देखरेख करणाऱ्या माणसाने, कळवळून लिहिलं, की आजोबा, ती शिवी आहे हो. आप्पांनी उत्तर दिलं, की शिवी देणाऱ्याचंही म्हणणं असतं. पुढे बरीच लिखापढी होऊन ठरलं, की शिव्या हे अतिक्रमण धरावं आणि त्याला नोटीस लागू नये. तो निर्णय झाल्यावर ते दिवसभर खुशीत होते.

दुसरा नियम चहाचा. मोजणीला गेलेला माणूस कुठल्याच पक्षकाराकडे चहा घेत नाही. एकाकडे घेतला की दुसऱ्याला वाटतं, याने टेप सैल धरली. हा नियम मी पाहिला खर्ड्यात. तिथल्या किल्ल्याच्या पानावर कुणीतरी लिहिलं, की आतून थेट नगरच्या किल्ल्यापर्यंत भुयार आहे आणि त्यातून घोडेस्वार जात. आप्पांची नोटीस गेली. उत्तर आलं : "या, दाखवतो." झालं. आप्पा रविवारच्या एसटीने निघाले आणि मीही गेले. खोटं कशाला बोलू, मला भुयार बघायचं होतं.

लिहिणारा निघाला चहाची टपरी चालवणारा एक गडी. त्याने आम्हाला तटाच्या कडेला एका कोनाड्याशी नेलं. हातभर खोल असेल नसेल.

"पुढं बुजल्यालं हाय," तो म्हणाला.

आप्पांनी टेप काढून आत घातली, आकडा बघितला. "बुजायच्या आधी आपण पाहिलं होतं का?"

"माझ्या आज्यानं पाह्यलं हुतं."

"त्यांनी बुजायच्या आधी पाहिलं?"

गडी जरा घुटमळला. "त्याला त्याच्या आज्यानं सांगितल्यालं."

मग त्याने चहा पुढे केला. मी दोन कप प्यायले. आप्पांनी हात जोडले. परतताना मी विचारलं, "इथे दुसरा पक्षकार कोण होता, की ज्याला संशय आला असता?" आप्पा गंभीरपणे म्हणाले, "भुयार." पण घरी आल्यावर त्यांनी ती ओळ पार काढून टाकली नाही. 'स्थानिक लोक अशी आख्यायिका सांगतात' एवढं ठेवलं आणि पुढे 'संदर्भ हवा' असा शिक्का मारला. "त्याच्या आज्याला एकदम बेदखल कसं करायचं?" म्हणाले.

हा 'संदर्भ हवा' त्यांना मनातून झोंबायचा. विकीवर आपण डोळ्यांनी पाहिलेलं चालत नाही, कुठेतरी छापून आलेलं लागतं. "उभी हयात डोळ्यानं बघून सह्या केल्या," ते म्हणायचे, "आणि इथे डोळा नामंजूर." पण नियम म्हणजे नियम. जिल्ह्याचं नाव बदललं तेव्हा तर त्यांचे फार हाल झाले. एका बाजूचे लोक सगळीकडे अहिल्यानगर करत सुटले, अगदी जुन्या पुस्तकांच्या नावांतसुद्धा. दुसऱ्या बाजूचे आजच्या कचेऱ्यांनाही अहमदनगर करून ठेवत. आप्पा म्हणत, आजचं नाव आज, आणि ज्या दिवशी जे होतं ते त्या दिवशी. दोन्ही बाजूंनी त्यांना शिव्या घातल्या. त्यांना बरं वाटलं. दोन्ही शेजारी नाखूष असले की मोजणी बरोबर झाली असं त्यांचं जुनं गणित होतं.

मी हे सगळं हसण्यावारी न्यायचे. एका पानावरून मात्र माझं हसू बंद झालं.

आप्पांचं गाव शेवगावच्या पूर्वेला, तासाभराच्या वाटेवर. कोरडा मुलूख. दिवाळी झाली की निम्मं गाव कोयते घेऊन ऊसतोडीला जातं. त्या गावाचं पान आप्पांनी स्वतः सुरू केलं होतं. चिमुकलं पान : लोकसंख्या, शाळा, देऊळ, आणि पाझर तलावाविषयी दोन ओळी. त्या मला अजून पाठ आहेत. 'गावकरी या तलावाला गयाबाईचे तळे म्हणतात. बहात्तरच्या दुष्काळी कामावर मातीचा कडा कोसळून गयाबाई या मजूर स्त्रीचा येथे मृत्यू झाला.' आणि पुढे कंसात १, म्हणजे संदर्भ क्रमांक एक. तो संदर्भ होता गावच्या शाळेच्या एका जुन्या स्मरणिकेचा. आप्पांनी शाळेत जाऊन, कपाट उपसून तो शोधला होता.

आप्पांचे धाकटे भाऊ तात्या गावातच असत. शेती, ट्रॅक्टर, पंचायतीत वजन. सरकारी योजनेतून तलावातला गाळ काढला, काठावर झाडं लावली, आणि तात्यांनी ठरवलं की तिथे कमान उभी करायची आणि तलावाला वडिलांचं नाव द्यायचं. वडिलांना सगळे नाना म्हणत, म्हणून नानासागर. इकडे जायकवाडीचा नाथसागर जवळ, त्याच चालीवर. मग तात्यांनी मोबाईलवरून गावाचं पान उघडलं, गयाबाईच्या दोन्ही ओळी काढल्या, आणि लिहिलं, 'नानांच्या दूरदृष्टीतून साकारलेला नानासागर'.

आप्पांनी सख्ख्या भावाला नोटीस दिली. अगदी 'महोदय' वगैरे लिहून.

बाजारच्या दिवशी तात्या शेवगावला आले, ते तडक आमच्या घरी. मी नेमकी पाणी भरत होते, म्हणून ऐकलं.

"आप्पा, सख्ख्या भावाला नोटीस?"

"नोटीस लगतच्याला देतात. तू सगळ्यात लगतचा."

"नानाचं नाव लागलंय तर तुझं पोट का दुखतंय? त्यांनी आपल्याला वाढीवलं. दुसरी बायकू केली न्हाई. माझी वेणी-फणी सोडून समदं केलं त्या मानसानं. त्यांचं नाव कुटं हाय का? शाळंला न्हाई, रस्त्याला न्हाई."

"नानांनी तलाव बांधल्याचा संदर्भ दे. मी स्वतः लिहितो."

"गावाला इचार."

"गाव छापील नाही."

तात्यांनी उपरण्याने तोंड पुसलं. "आन तिचं कशाला उकरायचं? झालं गेलं, पन्नास वर्सं झाली."

"मी उकरलं नाही," आप्पा म्हणाले. "आधीपासून आहे तेच आहे."

तात्यांनी माझ्याकडे बघितलं आणि पुढचं गिळलं. मी चहा टाकला. तात्यांनी घेतला, आप्पांनी घेतला नाही. स्वतःच्या घरात, स्वतःच्या दुधाचा. मला तेव्हा ते फारच ताणल्यासारखं वाटलं, आणि मी तसं बोलूनही दाखवलं. नंतर कळलं, की नोटीस गेल्या दिवसापासून ते भावाच्या घरीही पाणीसुद्धा पीत नव्हते.

मुदत संपली, आप्पांनी पान पूर्ववत केलं. तात्यांनी परत बदललं. मग एका रविवारी दुपारी ते सुरू झालं. मी समोर बसून शेंगा निवडत होते. आप्पांनी उलटवलं. चहाला आधण येईपर्यंत तिकडून तात्यांनी पुन्हा नानासागर केलं. आप्पांनी उलटवलं, तिकडून पुन्हा. आप्पांनी तिसऱ्यांदा उलटवलं आणि लॅपटॉप मिटला. विकीचा नियम असा, की एका दिवसात एका माणसाने एक पान तीनदाच उलटवावं. चौथ्यांदा हात लावला तर कारवाई. हा नियम आप्पा इतरांना येता-जाता ऐकवत असत.

ते बाहेर जाऊन तुळशीपाशी उभे राहिले. परत आले, लॅपटॉप उघडला. तात्यांनी या वेळी जास्तीची एक ओळ टाकली होती. आप्पांनी ती मोठ्याने वाचली : "'सदर तलावाच्या कामावर कोणतीही दुर्घटना घडलेली नाही.'" अक्षर अन् अक्षर थांबून वाचली. मग स्वतःशीच म्हणाले, "कुनी मेलंच न्हाई म्हनतो." आणि नोटीस नाही, मुदत नाही, काही नाही, चौथ्यांदा उलटवलं.

मी म्हटलं, "आप्पा, बरं केलंत."

"बरं केलं नाही," ते म्हणाले, आणि लगेच अर्ज लिहायला बसले. कुणाविरुद्ध? स्वतःविरुद्ध. प्रचालकाला उद्देशून. लिहून झाल्यावर मला वाचायला दिला. 'मी आज चौथ्यांदा बदल उलटविला असून नियमभंग केला आहे. तसेच आपल्या कुटुंबीयांविषयी लिहू नये असा संकेत असताना मी ही बाब लपविली, की सदर गयाबाई ही माझी आई आहे. तरी माझ्यावर योग्य ती कारवाई व्हावी.'

मी ते दोनदा वाचलं. हातातल्या शेंगा खाली ठेवल्या.

मग त्यांनीच सांगितलं, सरळ, एखादी हकीकत सांगावी तसं. दुष्काळात त्यांच्या घरात जमीन भरपूर आणि दाणा नाही, अशी गत होती. मोठं घर. नाना म्हणाले, आपल्या घरातलं माणूस माती वाहायला जाणार नाही. आई म्हणाली, पोरं काय अब्रू खाणार का? आणि ती गेली. आप्पा आठ वर्षांचे. तात्या अंगावर पिणारा, म्हणून त्याला झोळीत घालून बाभळीला टांगायचं आणि आप्पांनी झोका द्यायचा. एके दिवशी मुरमाचा कडा खाली आला. ती खाली होती. नानांनी लोकांना सांगितलं, तापाने गेली. घरात पुन्हा तिचं नाव काढू दिलं नाही. "नाना वाईट नव्हते," आप्पा म्हणाले. "त्यांना ते सोसलं नाही." पण तिच्याबरोबर पाट्या वाहणाऱ्या बायकांनी आपापसात त्या तळ्याला गयाबाईचं तळं म्हणायला सुरुवात केली, आणि गावाला तेच वळण पडलं. आता नव्या पोरांना वाटतं, गयाबाई म्हणजे कुठली तरी देवी असेल. त्या बायकाही एकेक करून जायला लागल्या. शाळेच्या कपाटातली ती स्मरणिका सोडली तर तिचं नाव लिहिलेलं असं एवढं एकच ठिकाण राहिलं होतं, आणि ते मिटवायला तिचाच मुलगा बसला होता. मला इतका राग आला तात्यांचा, की तेव्हाच्या तेव्हा फोन करावा. आप्पांनी करू दिला नाही.

प्रचालकाने आप्पांना एक दिवस बंदी घातली आणि दोघा भावांचं भांडण बघून पानालाच आठवडाभर कुलूप लावलं. कुणालाच काही बदलता येईना. कुलूप लागलं तेव्हा पानावर होती ती आप्पांची आवृत्ती. आप्पा मात्र एक दिवसावर समाधानी नव्हते. "चौथ्यांदा उलटवलं त्याला एक दिवस ठीक. आईचं लपवलं त्याचं काय?" म्हणून त्यांनी स्वतःच महिनाभर लॅपटॉप कपाटात ठेवून दिला.

त्याच रविवारी दुपारी, आपली आवृत्ती पानावर झळकत असताना, तात्यांनी शेवगावच्या दगडवाल्याला फोन केला होता. कमानीखाली कोनशिला बसवायची होती. मजकूर कोण सांगत बसणार? तात्या म्हणाले, "गावाचं पान हाय इंटरनेटवर. तलावाचं तिथं लिवलंय, तसंच्या तसं घे." दगडवाल्याने सोमवारी सकाळी पान उघडलं. तसंच्या तसं घेतलं.

उद्घाटनाला मी आमच्या खात्यातर्फे गेले. आप्पा आले नाहीत. कमानीवर मोठ्या अक्षरांत नानासागर. खाली कोनशिला, तिच्यावर मखमली पडदा. दगड थेट जागेवर आला होता आणि तात्या मांडव, आचारी, पाहुणे यांत इतके गुंतलेले, की पडदा बांधायच्या आधी कुणी तो वाचलाच नव्हता. पाहुण्यांनी दोरी ओढली. माईक हातातच होता, म्हणून त्यांनी खड्या आवाजात वाचायला घेतलं. "गावकरी या तलावाला गयाबाईचे तळे म्हणतात..." पुढची ओळ वाचली. मृत्यू झाला, असं म्हणून ते थांबले आणि जरा गोंधळून पुढचंही वाचलं, "कंसात एक." दगडवाल्याने संदर्भाचा आकडासुद्धा कोरला होता, कंसासकट.

टाळ्या वाजवायला उचललेले हात तसेच राहिले. तात्यांच्या हातात हार होता. मागून एक म्हातारी उठली, पार वाकलेली. माणसं बाजूला सारत कोनशिलेपाशी आली. वाचता येत नव्हतं तिला, पण ऐकलं होतं. तिने दगडावर पंजा ठेवला. "गया," म्हणाली, "आलीस व्हय गं वर." मग आणखी दोघी आल्या. कुणीतरी कुंकू आणलं. तात्या ते बघत उभे होते. मला वाटलं होतं आता हा माणूस दगडवाल्याला फाडून खाणार. त्यांनी हार खाली ठेवला आणि मांडवातून निघून गेले. जेवायलाही आले नाहीत.

मला केव्हा एकदा आप्पांना सांगते असं झालं होतं. सांगितलं, तर आप्पांचा चेहरा उतरला. "म्हणजे नोटीस न देता केलेलं दगडावर गेलं," म्हणाले. "ती मोजणी बेकायदा आहे." मी कपाळावर हात मारला. म्हटलं, आईचं नाव आहे ते, आप्पा. म्हणाले, "म्हणूनच." दुसऱ्या दिवशी सकाळी ते गावी निघाले. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून बरोबर गेले, मला धीर निघेना.

तात्या ओसरीवर बसले होते. रात्रभर झोपलेले दिसत नव्हते. आप्पा उभेच राहिले.

"सदर कोनशिलेवरील मजकूर हा माझ्या नियमबाह्य कृतीमुळे..."

"आप्पा, बस."

"दगड मी उतरवून घेतो. सगळं पूर्ववत करून..."

"राहू दे दगूड." तात्या त्यांच्याकडे बघत नव्हते. म्हणाले, "राती त्या म्हाताऱ्यांकडं गेल्तो. म्हनल्या, मी झोळीत हुतो."

"व्हय," आप्पा म्हणाले, आणि बसले.

"कुटं?"

"बाभळीला. आता तिथं कमानीचा डावा खांब हाय."

"रडत हुतो का?"

आप्पांनी खिशातली टेप काढली आणि हातात धरून ठेवली. "रडत हुतास. भूक लागली हुती. ती वरनं बघत हुती, येऊ का म्हनून खुनावलं. म्या झोका दिला, तुला झोपीवलं. हातानं सांगितलं, झोपलाय, नगं येऊ. मग ती परत खाली उतरली." टेपकडे बघत म्हणाले, "म्या चांगलं म्हनूनच केलं रं."

तात्यांनी पहिल्यांदा मान वर केली. "तू आठ वर्सांचा हुतास."

"व्हय."

"दिसायला कशी हुती?"

एकही फोटो नव्हता तिचा. कुठल्या पानावर कोणी कधी काय खोडलं हे या माणसाला तोंडपाठ होतं. "तोंड आठवत न्हाई," आप्पा म्हणाले. "लई आठवून बघितलं. हात आठवत्यात. मुरमानं फुटल्यालं. संध्याकाळी तुझ्या अंगाला तेल लावायची तर तू खरखरतंय म्हनून रडायचास."

तात्यांनी हातावर हात घासला. आतून वहिनी तीन कप चहा घेऊन आल्या आणि आप्पांचा नेम माहीत असल्यामुळे त्यांचा कप जरा लांबच ठेवला. आप्पांनी टेप खिशात घातली. हात लांब करून कप उचलला, बशीत ओतला, फुंकर मारली आणि प्यायले. वहिनी दारातच डोळ्याला पदर लावून उभ्या राहिल्या. मी माझा चहा प्यायचा विसरले.

माझी पुढे सुप्याकडे बदली झाली. अधूनमधून मी ते पान उघडते. नानासागर आणि गयाबाईचे तळे अशी दोन्ही नावं आता तिथे आहेत. कुलूप निघाल्यावर तात्यांनी मोबाईलवरून आणखी एक ओळ टाकली : 'गयाबाईंना दोन मुलगे होते.' आप्पांनी आईच्या ओळींना हात लावायचा नाही असं ठरवलंय, त्यामुळे ती ओळ त्यांनी उलटवलेली नाही. दुसऱ्याच कुणी तरी पुढे शिक्का मारलाय, 'संदर्भ हवा'.

मागच्या आठवड्यात मी फोन करून त्यांना छेडलं. म्हटलं, "आप्पा, नियमाने ही ओळ जायला पाहिजे. संदर्भ कुठाय?"

"संदर्भ दोन आहेत," आप्पा म्हणाले. "आत्ता चहा पीत बसलेत. पण छापील नाहीत."